आधी रूळ आले, पाणी नंतर आलं: मनमाड–दौंड मार्ग आणि पुणतांबा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आवडता रेल्वेप्रवास कोणता, असं कुणालाही विचारा. उत्तरं ठरलेली असतात. कोकण रेल्वे. पावसाळ्यातला बोरघाट. दूधसागर. लहान मुलं सोबत असतील तर माथेरानची छोटी गाडी, जी १९०७ पासून वळणं घेत वर चढते आहे. या यादीबद्दल तक्रार काहीच नाही. पण आज मी तुम्हाला ज्या मार्गावर नेणार आहे, तो अशा कुठल्याच यादीत नसतो. मनमाड ते दौंड. साधारण २३५ किलोमीटर. धबधबे नाहीत, समुद्र नाही, ओळीनं येणारे बोगदे नाहीत. पुण्याहून उत्तरेकडे जाणारे बहुतेक जण या पट्ट्यात झोपलेले असतात. झेलम म्हणा, आझाद हिंद म्हणा, गोवा एक्सप्रेस म्हणा, किंवा बंगळुरूहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस म्हणा, सगळ्या याच रुळांवरून जातात.

माझं म्हणणं असं आहे, की महाराष्ट्राच्या शेतीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास खिडकीत बसून बघायचा असेल, तर यापेक्षा चांगला मार्ग नाही. आणि त्या इतिहासाचा मधला खांब म्हणजे पुणतांबा. अहिल्यानगर जिल्ह्यात, राहाता तालुक्यात, गोदावरीच्या उजव्या तीरावरचं गाव.

हा मार्ग मुळात कशासाठी?

१८६० च्या दशकात जीआयपी रेल्वेनं मुंबईहून दोन फाटे टाकले. कल्याणला ते वेगळे होतात. एक बोरघाट चढून पुणे, दौंड, सोलापूरकडे जातो. दुसरा थळघाट चढून, म्हणजे आपला कसारा घाट, नाशिक, मनमाड, भुसावळकडे जातो. बोरघाट १८६३ मध्ये सुरू झाला, थळघाट १८६५ मध्ये. १८७० मध्ये उत्तरेकडचा फाटा जबलपूरमार्गे थेट कलकत्त्याला जोडला गेला.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. भुसावळकडून आलेला माल सोलापूरला न्यायचाय. मधे सरळ रस्ता नाही. म्हणजे तो आधी कसारा घाट उतरून कल्याणला येणार, आणि मग पुन्हा बोरघाट चढून पुण्याकडे जाणार. दोन्ही घाटांत काही ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट इतका चढ आहे. रेल्वेच्या हिशेबात हा फार मोठा चढ. आजसुद्धा तिथे गाडीला मागून जादा इंजिन लावावं लागतं. तेव्हा मनमाड आणि दौंड हे दोन बिंदू घाटमाथ्यावरूनच जोडून टाकायचे, ही कल्पना सरळ होती. सरकारनं स्वतःच्या पैशानं मार्ग बांधला, म्हणून नाव पडलं ‘धोंड अँड मनमाड स्टेट रेल्वे’. दौंडचं स्पेलिंग इंग्रजांनी धोंड केलं होतं. गाड्या चालवायचं काम मात्र जीआयपीकडे दिलं गेलं. १८७८ मध्ये मार्ग सुरू झाला.

हे झालं रेल्वेच्या बाजूनं. पण १८७८ हे साल ऐकून तुमच्यातल्या काहींच्या मनात दुसरीच घंटा वाजली असेल.

रुळाखालची माती

१८७६ चा पाऊस दख्खनमध्ये गेला. पुढची दोन वर्षं जे झालं, त्याला इतिहासात ‘१८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ’ म्हणतात. नगर, पुणे, सोलापूर, विजापूर, सातारा हे जिल्हे होरपळले. सरकारचं धोरण होतं, फुकट धान्य द्यायचं नाही, काम द्यायचं. माती खणा, खडी फोडा, भराव घाला, आणि मजुरी घ्या. नगर जिल्ह्यात अशा कामांपैकी मोठं काम होतं या रेल्वेचा भराव. म्हणजे आज ज्या मातीवरून एक्सप्रेस गाडी जाते, त्यातली बरीचशी माती उपाशी माणसांनी टोपलीनं वाहिलेली आहे.

आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून घरोघरी आहेत. ‘दुष्काळी काम’ म्हटलं की त्यांना पाझर तलाव आणि सुकडी आठवते. पण १९७२ आणि १८७७ यांच्यात मोठा फरक आहे. जानेवारी १८७७ मध्ये भारत सरकारचा प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल दौऱ्यावर आला. खर्च कमी करायचा, हे त्याला वरून सांगितलेलं होतं. त्यानं मजुरी कापली. दिवसभर अंगमेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी. बायकांना आणि मुलांना त्याहून कमी. शिवाय गावाजवळची छोटी कामं बंद करून लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर जायला सांगितलं.

मग जे घडलं ते शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारली आणि काम सोडून घरी निघून गेले. उपाशी माणसांचा संप. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, आणि न्यायमूर्ती रानडे ही माणसं त्यामागे होती. गावोगावची माहिती गोळा करून सभेनं सरकारकडे अर्ज आणि अहवाल पाठवले. दुष्काळ हा नुसता देवाचा कोप नसतो, त्यात सरकारचा निर्णयही असतो, ही गोष्ट आपल्याकडे कागदावर इतक्या ठामपणे मांडली जाण्याची ही सुरुवातीची वेळ. आणि याच टेंपलला त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर नेमलं गेलं.

हे डोक्यात ठेवून आता गाडीत बसू या.

मनमाडहून निघताना

मनमाडहून दक्षिणेकडे निघालात की काही मिनिटांत डोंगर अंगावर येतात. हडबीची शेंडी नावाचा सुळका आहे, अंगठा वर केल्यासारखा. मग अनकाई आणि टनकाई ही किल्ल्यांची जोडी. पायथ्याला अनकाई नावाचंच स्टेशन. बहुतेकांचे फोटो इथे काढून होतात. पण इथे आणखी एक गोष्ट घडते, जी फोटोत येत नाही. मनमाडला पडलेला पाऊस गिरणेतून तापीला मिळतो आणि अरबी समुद्रात जातो. अनकाईची खिंड ओलांडली की पलीकडचा पाऊस गोदावरीला मिळतो आणि बंगालच्या उपसागरात जातो. गाडीनं न सांगता खोरं बदललेलं असतं.

मग येवला. पैठणीचं गाव, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ते गाव. त्यानंतर कोपरगाव. साईबाबांच्या हयातीत, म्हणजे १९१८ पर्यंत, मुंबईकडून शिर्डीला जाणारे भक्त इथेच उतरायचे. पुढचा प्रवास टांग्यानं, मधे गोदावरी पार करून. आज शिर्डीला स्वतःचं स्टेशन आहे, आणि तिकडे जाणारा साधारण १७ किलोमीटरचा फाटा पुणतांब्यातून निघतो. तो २००९ मध्ये सुरू झाला. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून शिर्डीला वंदे भारतही येते. म्हणजे दीडशे वर्षांच्या जुन्या स्टेशनाला जंक्शन व्हायला एकशेतीस वर्षं लागली.

कोपरगावनंतर कान्हेगाव, आणि मग गोदावरीवरचा पूल. पूल संपला की पुणतांबा.

पुणतांबा

नदी इथे रुंद आहे. पावसाळ्यात दोन्ही काठ भरलेले, आणि उन्हाळ्यात वाळू, बाभळी, मधेमधे डबकी. पुणतांबा नीट बघायचं तर मात्र गाडीतून उतरायला हवं.

‘पुण्यस्तंभ’ या नावावरून पुणतांबा झालं, असं सांगतात. परंपरेनुसार चांगदेवांची समाधी इथे आहे. तेच चांगदेव, ज्यांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं, ज्याच्या उत्तरात चांगदेव पासष्टी लिहिली गेली. वाघावर बसून आलेले योगी आणि समोरून भिंतीवर बसून आलेली भावंडं, ही गोष्ट मराठी घरात कुणाला सांगावी लागत नाही. शेवटी चौदाशे वर्षांच्या योग्यानं लहानग्या मुक्ताईला गुरू केलं. नदीवर घाट आहेत, जुनी मंदिरं आहेत, आणि एक घाट अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. त्यांचं जन्मगाव चौंडीही याच जिल्ह्यातलं.

आता स्टेशनाच्या दोन्ही अंगांना बघा. ऊस. सोयाबीन, मका, कांदा, डाळिंब, पेरू, पण नजरेत भरतो तो ऊस. नवखा माणूस म्हणेल, नदीकाठचा मुलूख, असणारच हिरवा. तर तसं नाहीये. नदी तिथेच होती १८७६ मध्येसुद्धा. नदीकाठी राहून माणसं उपाशी होती.

पाणी कधी आलं?

दुष्काळ संपल्यावर सरकारनं आयोग नेमला. १८८० च्या अहवालात त्यानं दुष्काळापासून संरक्षण म्हणून रेल्वे आणि कालवे या दोन्हींचा विचार केला. पण पैसा आणि घाई जास्त होती ती रेल्वेकडे. सर आर्थर कॉटनसारखा इंजिनिअर आयुष्यभर सांगत राहिला, की या देशाला रुळांपेक्षा पाण्याची गरज आहे. त्याच आयोगानं हेही नोंदवलं होतं, की दुष्काळात मुळात काम आणि मजुरी बुडते, त्यामुळे बाजारात धान्य असलं तरी गरिबाला ते घेता येत नाही. पुढे शंभर वर्षांनी अमर्त्य सेन यांनी हाच मुद्दा नीट सिद्धान्त करून मांडला.

या मार्गावर तो मुद्दा प्रत्यक्ष तपासला गेला. रेल्वे १८७८ मध्ये आली. १८९६–९७ ला पुन्हा दुष्काळ पडला. १८९९–१९०० ला छप्पन्याचा दुष्काळ पडला, संवत १९५६ वरून ज्याला ते नाव मिळालं. दोन्ही वेळा गाड्या चालू होत्या. धान्य वॅगनमधून येऊ शकत होतं, आणि येतही होतं. पण ज्याच्या खिशात काही नाही, त्याच्यासाठी स्टेशनवरचं पोतं आणि चंद्रावरचं पोतं सारखंच.

पाणी आलं ते त्यानंतर. नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरला गोदावरीवर बंधारा बांधला गेला आणि डावा–उजवा असे दोन कालवे निघाले. इगतपुरीकडे दारणा धरण १९१६ मध्ये झालं. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये. पाटाला पाणी आलं तेव्हा या जमिनींवर ऊस उभा राहिला. सासवडकडचे माळी शेतकरी ऊस पिकवायला या भागात आले. बेलापूर कंपनीचा कारखाना हरेगावला निघाला. पुणतांब्याजवळ चांगदेव शुगर मिल निघाली, चांगदेवांच्याच नावानं. आणि मग लोणीला विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५० मध्ये त्याचं गाळप सुरू झालं, आणि महाराष्ट्राच्या राजकारणाचा साचाच बदलला.

म्हणून मी म्हणतो, इथे आधी रूळ आले आणि पाणी नंतर आलं. मधे गेली पस्तीस-चाळीस वर्षं. त्या वर्षांत दोन दुष्काळ. हा क्रम उलटा असता तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही. पण क्रम कुणीतरी ठरवला होता, एवढं नक्की.

आणि पाण्याची गोष्ट संपलेली नाही बरं का. नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही, यावर दर काही वर्षांनी नगर–नाशिक विरुद्ध मराठवाडा असा वाद पेटतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं, तेव्हापासून हा वाद कोर्टातही जातो. ते सोडलेलं पाणी पुणतांब्याच्या याच पुलाखालून पैठणकडे जातं. काठावरचे शेतकरी ते जाताना बघतात.

घाट चढताना

पुणतांब्यानंतर चितळी, मग बेलापूर. हे नवी मुंबईतलं बेलापूर नव्हे. स्टेशनचं नाव आजही बेलापूर, पण बाहेर पडलात की शहर आहे श्रीरामपूर. मूळ बेलापूर गाव काही किलोमीटर लांब, प्रवरेकाठी. रेल्वेनं गावाचं नाव घेतलं, कालव्यानं स्टेशनभोवती बाजारपेठ उभी केली, आणि त्या बाजारपेठेचं वेगळंच शहर झालं. रूळ आणि पाणी एकत्र आले की काय होतं, त्याचा हा नमुना.

पुढे प्रवरा, राहुरी, मुळा. हिरवा पट्टा अजून चालू असतो. मग येतं वांबोरी, आणि गाडी घाट चढायला लागते. इथे कृपा करून मोबाईल खाली ठेवा. वांबोरी ते विळद या चढावर काही मिनिटांत उसाची जागा खडकाळ माळ घेतो. खुरटं गवत, बोरी, मेंढ्यांचे कळप. वर पोचलात की खोरं पुन्हा बदललेलं असतं. मागे गोदावरीचं, पुढे सीनेचं आणि भीमेचं. नगर शहर सीनेकाठी आहे.

नगरनंतर अरणगावजवळ मेहेराबाद लागतं. रुळाच्या एका अंगाला खालचं मेहेराबाद, दुसऱ्या अंगाला टेकडीवर मेहेरबाबांची समाधी. मग सारोळा, विसापूर, बेलवंडी. विसापूरचा तलावसुद्धा दुष्काळी कामातूनच उभा राहिलेला. १८७६ मध्ये टोपल्या वाहणाऱ्या माणसांच्या आजूबाजूला काय दिसत असेल, याचा अंदाज करायचा असेल तर तो एप्रिल-मे महिन्यात इथल्या खिडकीतून करावा. गोदावरीचा पट्टा ‘नंतर’ आहे, आणि हा ‘आधी’. एका तिकिटात दोन्ही.

श्रीगोंदा ते पुणतांबा

दौंडच्या अलीकडे श्रीगोंदा रोड आणि काष्टी लागतात, मग भीमेचा पूल. श्रीगोंद्याचं नाव निघालं की १८७५ आठवायला हवं. त्या वर्षी मे महिन्यात सुप्यापासून सुरू झालेला उठाव पुणे–नगर जिल्ह्यांत पसरला. श्रीगोंदा, पारनेर या तालुक्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची दारं ठोठावली. ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात त्याला, पण बहुतेक ठिकाणी त्यांना माणसं मारायची नव्हती. त्यांना हवे होते कागद. कर्जाचे रोखे बाहेर काढायचे आणि जाळायचे. १८७९ मध्ये सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्ज निवारणाचा कायदा केला.

म्हणजे सनावळी अशी लागते. १८७५ कर्जाचे रोखे जाळले. १८७६ दुष्काळ. १८७७ मजुरांचा संप. १८७८ रेल्वे. १८७९ कायदा. हा मार्ग या पाच वर्षांच्या बरोबर मधे जन्मला.

आता या मार्गाच्या दुसऱ्या टोकाकडे परत चला. एप्रिल २०१७, पुणतांब्याची ग्रामसभा. गावानं ठरवलं, १ जूनपासून शेतकरी संपावर जाणार. शेतकऱ्याचा संप म्हणजे काय, असं अनेकांनी हसून विचारलं. १ जूनला उत्तर मिळालं. दूध आणि भाजीपाला शहरांकडे जायचा थांबला. संप राज्यभर पसरला, त्यात फूट पडली, दूध रस्त्यावर ओतण्यावरून टीका झाली. त्याच महिन्यात सरकारनं सुमारे ३४ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली, दीड लाखापर्यंतच्या कर्जासाठी. ती कुणाला मिळाली, कुणाला नाही, यावर पुढे बरीच भांडणं झाली, ती वेगळ्या भागाचा विषय आहे.

मला जे सांगायचंय ते एवढंच. हे गाव कोरडवाहू नव्हतं. इथे रेल्वे होती, पाट होता, ऊस होता, कारखाने होते. १८८० च्या आयोगाला दुष्काळावर जी जी औषधं सुचली असती, ती सगळी इथे दिलेली होती. तरी कर्जाचा प्रश्न १८७५ पासून या रुळांच्या सोबतीनं चालत आलाय. पाण्यानं उपासमार थांबवली, ही लहान गोष्ट नाही. पण पिकाचा भाव कोण ठरवतो, या प्रश्नाला पाट उत्तर देत नाही.

जायचं असेल तर

दिवसाची गाडी निवडा, नाहीतर काहीच दिसणार नाही. दोन वेळा जमलं तर उत्तम. एकदा सप्टेंबरात, एकदा मे महिन्यात. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या पुणतांब्याला थांबत नाहीत, तेव्हा वेळापत्रक आधी बघा. गेल्या काही वर्षांत विद्युतीकरण आणि टप्प्याटप्प्यानं दुहेरीकरण झाल्यामुळे पूर्वीसारखं क्रॉसिंगसाठी ताटकळणं कमी झालंय. प्रवाशांसाठी ते चांगलंच आहे.

मनमाडला भारतातल्या मोठ्या जंक्शनांसारखी पाटी आहे, शिर्डीला झगमगाट आहे. पण दुष्काळात ज्यांनी हा भराव घातला, त्यांची आठवण सांगणारा एक दगडसुद्धा या मार्गावर माझ्या पाहण्यात नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरात पणजोबा-खापरपणजोबांच्या काळातली रेल्वेच्या कामाची, टोपलीची, छप्पन्याची काही आठवण सांगितली जात असेल, तर जरूर कळवा. नाव न घेता, जशी ऐकली तशी, पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवू.

तोपर्यंत, वांबोरीच्या घाटात झोपू नका. भेटू पुढच्या भागात.